टॅमरिएलच्या वाटा

२००२ साली आलेल्या ‘मॉरोविंड’ या गेममध्ये सुरुवातीलाच एक कामगिरी मिळते. बाल्मोरा गावात हॅस्फॅट अँटाबोलिस नावाचा एक जाणकार भेटतो. आर्कन्गथांडच्या जुन्या अवशेषांत एक कोड्याची पेटी आहे, ती आणून दे, असे तो खेळाडूला सांगतो. तिथे जायचे कसे, हेही सांगतो. गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पडायचे, नदी ओलांडायची, जुन्या वाटेने टेकडी चढायची. माथ्यावरून लाव्हाने कोरलेली एक खोल घळ दिसेल, तिच्यावर एक प्राचीन पूल आहे, तो ओलांडला की अवशेष. एवढ्या माहितीवर खेळाडू निघतो. कधी पुलाऐवजी घळीतच उतरतो, कधी भलत्याच दिशेला राखेच्या वादळात अडकतो. शेवटी पोचतो तेव्हाही दार लगेच सापडत नाही, कारण ते उघडण्यासाठी बाहेरच्या नळावरचा दांडा फिरवावा लागतो.

त्यानंतर चार वर्षांनी ‘ऑब्लिव्हियन’ आला. त्यातही सुरुवातीलाच एक कामगिरी आहे, आणि ती कथेच्या दृष्टीने कितीतरी मोठी आहे. मरणाऱ्या सम्राटाने दिलेले पदक कोरॉल शहराजवळच्या मठात जॉफ्री नावाच्या माणसाला नेऊन द्यायचे. खेळाडू राजधानीखालच्या भुयारातून बाहेर येतो, समोर तळे, टेकड्या, जंगल. पडद्याच्या खाली होकायंत्र आहे आणि त्यावर एक बाण आहे. बाणाच्या रोखाने चालत गेले की जॉफ्री भेटतो. चालायचे नसेल तर नकाशावर कोरॉलवर बोट ठेवले की क्षणात तिथे पोचता येते, कारण मोठी शहरे पहिल्यापासूनच नकाशावर खुली असतात.

दोन्ही गेम एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले, एकाच प्रमुखाच्या देखरेखीखाली तयार झालेले. तरीही ‘कुठे जायचे’ या साध्या प्रश्नाला त्यांनी इतकी वेगळी उत्तरे दिली की खेळणाऱ्याचा त्या जगाशी असलेला संबंधच बदलला. ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतल्या पाच मुख्य गेमची तुलना पुढील पानांत केली आहे ती याच प्रश्नाच्या आधाराने. वाट कोण सांगतो, कशी सांगतो, आणि न सांगता खेळाडूवर किती सोडतो, हे धरून पाहिले तर १९९४ ते २०११ या सतरा वर्षांतले जवळजवळ सगळे महत्त्वाचे बदल एका ओळीत येतात.

मराठीत कादंबऱ्यांची, नाटकांची, एकाच कथेवरच्या वेगवेगळ्या चित्रपटांची तुलना करण्याची मोठी परंपरा आहे. व्हिडिओ गेमच्या वाट्याला तसे लिखाण फारसे आलेले नाही. जे येते ते बहुधा ‘ग्राफिक्स कसे आहेत’ आणि ‘किती तास चालतो’ इथे थांबते. शंभर-दोनशे तास माणूस ज्या काल्पनिक प्रदेशात राहतो, त्याच्या रचनेकडे कादंबरीच्या रचनेइतक्याच गांभीर्याने पाहायला हवे.

आधी थोडी पार्श्वभूमी. बेथेस्डा सॉफ्टवर्क्स ही कंपनी क्रिस्टोफर वीव्हर यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात सुरू केली. बेथेस्डा हे तिथल्या गावाचे नाव. कंपनी पुढे जवळच्याच रॉकव्हिलला गेली. सुरुवातीची वर्षे क्रीडास्पर्धांवरचे आणि चित्रपटांवरचे गेम करण्यात गेली. १९९२ नंतर मात्र तिथल्या काही जणांनी एक वेगळी कल्पना हातात घेतली. विजय लक्ष्मण, टेड पीटरसन आणि ज्युलियन लेफे ही त्यांतली प्रमुख नावे. योद्ध्यांची एक टोळी गावोगावच्या आखाड्यांत जाऊन लढते, अशी ती मूळ कल्पना. म्हणून नाव ठेवले ‘अरीना’. काम पुढे सरकत गेले तसे गावांमधले प्रवास, छोट्या कामगिऱ्या, भुयारे यांतच सगळ्यांना जास्त रस वाटू लागला आणि आखाडा हळूहळू बाजूला पडला. शेवटी तो गेममधून पूर्ण काढला गेला. नाव मात्र जाहिरातींतून बाहेर गेले होते, ते राहिले. त्याच्यापुढे ‘द एल्डर स्क्रोल्स’ जोडले गेले. टॅमरिएल खंड इतके रक्तरंजित आहे की लोक त्यालाच आखाडा म्हणतात, असे स्पष्टीकरण कथेत घातले गेले.

मार्च १९९४ मध्ये आलेल्या ‘अरीना’त अख्खे टॅमरिएल आहे. वाळवंटापासून बर्फाळ उत्तरेपर्यंतचे सगळे प्रांत, शेकडो गावे, दिवस-रात्र, हिमवर्षाव. सम्राट युरिएल सेप्टिम सातवा याला त्याच्याच दरबारी जादूगाराने, जागर थार्नने, दुसऱ्या मितीत कोंडले आहे आणि त्याचे रूप घेऊन तो राज्य करतो आहे. त्याला हरवण्यासाठी एका दंडाचे आठ तुकडे आठ प्रांतांतून शोधून आणायचे. एवढे मोठे खंड हाताने रचणे त्या छोट्या गटाला शक्यच नव्हते. म्हणून बहुतेक गावे आणि रानमाळ संगणकाने नियमांनुसार तयार केले. एका गावातून पायी निघाले तर रान संपतच नाही. कितीही चालले तरी दुसरे गाव येत नाही. पुढच्या गावी जायचे तर नकाशावर त्याची निवड करायची, की प्रवास झाला. म्हणजे ज्या झटपट प्रवासाबद्दल पुढे ‘ऑब्लिव्हियन’ला दोष दिला गेला, तो मालिकेत पहिल्या दिवसापासून होता, आणि इथे तर त्याला पर्यायच नव्हता.

गावाच्या आत मात्र वाट विचारावी लागे. रस्त्यावरच्या कुणालाही थांबवून सराई कुठे, देऊळ कुठे, असे विचारायचे. तो दिशा सांगे किंवा नकाशावर खूण करून देई. खुणेची ही पद्धत इतकी साधी होती की तिच्याकडे कुणाचे फार लक्ष गेले नाही. तरीही पुढच्या सतरा वर्षांतल्या प्रत्येक वादाची बीजे या दोन गोष्टींत सापडतात, एक नकाशावरची उडी आणि दुसरी वाटसरूला विचारलेला पत्ता.

‘डॅगरफॉल’ १९९६ मध्ये आला. महत्त्वाकांक्षेच्या बाबतीत मालिकेतला दुसरा कुठलाही गेम त्याच्या जवळपास जात नाही. यात संपूर्ण खंड नाही, इलियाक उपसागराच्या भोवतीचा प्रदेशच आहे. पण तो प्रदेश आकाराने साधारण ग्रेट ब्रिटनच्या बरोबरीचा असल्याचे सांगितले जाते, आणि त्यात शहरे, गावे, देवळे, भुयारे मिळून पंधरा हजारांहून अधिक ठिकाणे आहेत. इथे जमीन सलग आहे. खरोखर पायी निघालो तर एका गावाहून दुसऱ्या गावी पोचता येते, फक्त त्यासाठी प्रत्यक्षातले तासन् तास मधल्या ओसाड माळावर घालवावे लागतात. त्यामुळे प्रवासाचा निर्णय हाच एक खेळ झाला. जपून जायचे की घाईने, सराईत मुक्काम करायचा की उघड्यावर, पायी की जहाजाने, हे सगळे ठरवायचे, आणि त्यानुसार दिवस व पैसे खर्च होणार. बहुतेक कामगिऱ्यांना मुदत असल्याने या निवडीला अर्थ होता.

याच गेमने मालिकेला तिचा सर्वांत टिकाऊ नियम दिला. शत्रू मारून गुण मिळवण्याऐवजी जे कराल तेच सुधारेल. तलवार चालवली तर तलवार, कुलपे उघडली तर कुलपे. हा नियम पुढच्या तिन्ही मुख्य गेमनी वेगवेगळ्या रूपांत वापरला.

‘डॅगरफॉल’ची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याची भुयारे प्रचंड आणि पीळदार आहेत. एखादी वस्तू शोधताना एकाच भुयारात संध्याकाळ निघून जाते आणि त्रिमितीय नकाशा मदतीपेक्षा गोंधळच जास्त वाढवतो. गेम बाहेर पडला तेव्हा त्यात चुका इतक्या होत्या की मुख्य कथाही कधी कधी अडून बसे. तरीही ज्यांनी तो त्या काळी खेळला त्यांच्या मनातून तो जात नाही, आणि त्याचे कारण आकडे नव्हेत. हे जग आपल्यासाठी मांडून ठेवलेले नाही, आपण नसतो तरी ते असेच असते, ही जाणीव तो देतो. मांडणी यंत्राने केलेली असल्यामुळे गावे एकसारखी दिसतात, पण त्यामुळेच कुठलेही गाव खेळाडूची वाट पाहत बसलेले वाटत नाही.

शेवटाची गोष्ट तर आणखी विलक्षण. एका प्राचीन यंत्रदेवाचा ताबा देणारी वस्तू कुणाच्या हाती द्यायची हे खेळाडूने ठरवायचे, आणि दावेदार अनेक. पुढचा गेम करताना लेखकांपुढे पेच पडला, की यांतला कुठला शेवट खरा मानायचा? त्यांनी सगळेच खरे मानले. त्या यंत्रामुळे काळच काही दिवस तुटला, परस्परविरोधी घटना एकाच वेळी घडल्या, आणि लोक शुद्धीवर आले तेव्हा असंख्य छोट्या राज्यांच्या जागी चार राज्ये उरली होती, असे नंतरच्या गेममधल्या ग्रंथांतून सांगितले गेले. लाखो खेळाडूंच्या वेगवेगळ्या निवडींचा असा मान राखणारे उदाहरण या माध्यमात क्वचितच दिसते.

यानंतरची काही वर्षे कंपनीसाठी वाईट गेली. १९९७ चा ‘बॅटलस्पायर’ आणि १९९८ चा ‘रेडगार्ड’ हे याच जगातले दोन उपगेम चालले नाहीत आणि कंपनी बुडण्याच्या बेतात आली. १९९९ मध्ये झेनिमॅक्स मीडिया ही नवी मूळ कंपनी उभी राहिली तेव्हा तिला आधार मिळाला. या पडत्या काळातले एक काम मात्र पुढे सगळ्यात मोलाचे ठरले. ‘रेडगार्ड’च्या खोक्यात साम्राज्याची ओळख करून देणारी एक छोटी छापील पुस्तिका होती. मायकल कर्कब्राइड आणि कर्ट कूलमन यांनी प्रामुख्याने लिहिलेल्या या पुस्तिकेने टॅमरिएलला पहिल्यांदा स्वतःचा चेहरा दिला. तोवर ते बरेचसे इतर कल्पनारम्य जगांसारखेच, राजे-राक्षस-जादूगारांचे जग होते. इथून पुढे त्याचे धर्म, त्यांचे भांडखोर टीकाकार, खोटे बोलणारे इतिहासकार, सगळे हजर झाले.

त्यातून ‘मॉरोविंड’ उभा राहिला. टॉड हॉवर्ड प्रकल्पप्रमुख, केन रोलस्टन मुख्य रचनाकार. रोलस्टन हे कागद-फाशांच्या भूमिकाखेळांतून आलेले. निर्णय असा, की यंत्राने रचलेले अफाट माळ सोडायचे आणि एकच बेट, व्हार्डनफेल, हाताने रचायचे. या बेटाचे क्षेत्रफळ अंदाजे २४ चौरस किलोमीटर भरते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा जेमतेम पाव भाग. ‘डॅगरफॉल’शेजारी ठेवले तर हे काहीच नाही. पण इथला प्रत्येक दगड कुणीतरी ठेवलेला आहे. घराएवढी कुत्र्याची छत्री, एका अजस्र खेकड्याच्या कवचाखाली वसलेली वस्ती, पाठीवर उतारू नेणारे उंच पायांचे किडे, मधोमध धुमसणारा रेड माउंटन. मध्ययुगीन युरोपच्या साच्याबाहेर पडलेला हा मालिकेतला सर्वांत धाडसी प्रदेश.

बेट छोटे असूनही मोठे वाटते, कारण त्यात नकाशावरची उडी नाही. प्रवासाची साधने आहेत, पण ती त्या जगातलीच आहेत. कीटकवाहने ठरावीक गावांमध्येच जातात, होड्या बंदरांमध्ये, आणि जादूगार संघाच्या शाखांमधून पैसे देऊन दुसऱ्या शाखेत पोचता येते. दोन मंत्र जवळच्या देवळात किंवा साम्राज्याच्या ठाण्यात नेऊन सोडतात. आणखी एक मंत्र आधी खूण केलेल्या जागी परत आणतो. खेळाडूला हे जाळे पाठ करावे लागते. अमुक गावी जायचे तर आधी होडीने कुठे, तिथून किड्यावर कुठे, मग पायी किती, हे एकदा डोक्यात बसले की बेट आपले झाले असे वाटू लागते. पाठांतरातून येणारी ही जवळीक नंतरच्या दोन्ही गेमना साधलेली नाही.

वाट सांगण्याच्या कलेचा कळस याच्या मुख्य कथेत आहे. भविष्यवाणीतला पुनर्जन्म घेतलेला वीर आपण आहोत का, हे तपासण्यासाठी खेळाडूला एका गुहेत जायचे असते. ऊर्शिलाकू टोळीत त्या गुहेचा पत्ता थेट मिळत नाही, कोड्यातून मिळतो. ते सोडवायला दरीतला वारा कुठून येतो आणि कुठले सुळके एकमेकांसमोर उभे आहेत हे पाहावे लागते. दार सापडले तरी ते पहाटे आणि संध्याकाळीच उघडते, कारण ती गुहा अझुराची, आणि अझुरा ही तिन्हीसांजेची व पहाटेची देवता. भूगोल, धर्म आणि कथा एका पत्त्यात अशी गुंफलेली पुन्हा दिसत नाहीत.

चुकण्याचीही इथे मुभा आहे. कथेला अत्यावश्यक असलेली व्यक्तीही खेळाडू मारू शकतो. मग पडद्यावर सूचना येते, की भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, जुनी नोंद उघडा किंवा या बिघडलेल्या जगातच राहा. आणि त्या बिघडलेल्या जगातूनही एक आडवाट आहे. ड्वेमर ही अख्खी जमात इतिहासात एका क्षणी नाहीशी झाली. तिच्यातला एकच माणूस, यॅग्रम बॅगार्न, रोगाने जर्जर होऊन एका मनोऱ्याखालच्या कोंडवाड्यात जगतो आहे. त्याच्या मदतीने कथा पुरी करता येते. ही वाट कुणीही सांगत नाही.

‘मॉरोविंड’चे दोषही ठळक आहेत. तलवार समोरच्याच्या अंगात घुसलेली दिसते आणि तरी वार हुकतो, कारण आत अजून फासे पडत असतात. माणसे दिवस-रात्र एकाच जागी खिळल्यासारखी उभी असतात. सांगितलेल्या दिशांमध्ये काही सरळ चुकीच्या आहेत. आणि बोलणे म्हणजे बहुतांशी वाचणे. शेकडो माणसे एकाच विषयावर एकच परिच्छेद ऐकवतात.

मार्च २००६ मधल्या ‘ऑब्लिव्हियन’ने नेमक्या या दोषांवर काम केले, आणि त्या कामाची किंमत वाटेने मोजली. या पुस्तकातला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. होकायंत्रावरचा बाण हा आळसाचा किंवा खेळाडूला कमी लेखण्याचा परिणाम, असे जुने चाहते म्हणत आले आहेत. गेमच्या रचनेत शिरून पाहिले तर कारण वेगळे दिसते. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये प्रत्येक वाक्य कुणीतरी प्रत्यक्ष बोलते. सम्राटाला पॅट्रिक स्ट्युअर्ट यांचा आवाज आहे, त्याच्या वारसाला शॉन बीन यांचा. लिहिलेला परिच्छेद लांबवायला काही पडत नाही. ध्वनिमुद्रित परिच्छेदाला नट, वेळ आणि चकतीवरची जागा लागते. नदी ओलांड, टेकडी चढ, डावीकडे वळ, असे पाच ओळींचे पत्ते शेकडो कामगिऱ्यांसाठी मुद्रित करणे परवडणारे नव्हते. शिवाय या गेममधली माणसे आता हलू लागली होती. ती सकाळी उठतात, दुकान उघडतात, जेवतात, देवळात जातात, काही तर दुसऱ्या शहरीही जातात. जो माणूस जागेवर नाही त्याचा पत्ता शब्दांत कसा सांगणार? त्याच्यामागे फिरणारा बाणच लागतो.

प्रदेशही बदलला होता. ‘ऑब्लिव्हियन’ जिथे घडतो तो सिरोडिल प्रांत ‘रेडगार्ड’बरोबरच्या पुस्तिकेत घनदाट उष्ण अरण्य होता. गेममध्ये तो गवताळ, ओकच्या झाडांचा, मध्य युरोपची आठवण करून देणारा झाला. शहरे स्वतंत्र कप्प्यांत ठेवल्यामुळे तटावरून उडून आत जाणे शक्य राहिले नाही, म्हणून हवेत तरंगण्याची जादूच काढून टाकली गेली. ‘मॉरोविंड’मधले टेलवान्नी जादूगार मनोऱ्यांना जिने बांधत नसत, कारण ज्याला तरंगता येत नाही त्याने वर येऊच नये. तो अख्खा विचारच या नव्या जगात बसत नव्हता. त्यातच शत्रूंची ताकद खेळाडूच्या बरोबरीने वाढू लागली. उशिरापर्यंत खेळले की रस्त्यावरचे साधे लुटारूही अतिमौल्यवान काचेची चिलखते घालून थोड्याशा मोहरा मागतात. कुठल्याही दिशेला धोका सारखाच असेल तर दिशेचेही मोल कमी होते, आणि ‘ऑब्लिव्हियन’चे सगळ्यात खोल दुखणे बाणापेक्षा हेच आहे.

पण जिथे वाट शोधायची नसते तिथे हा गेम मालिकेतल्या सर्वांच्या पुढे जातो. एमिल पाग्लिअरुलो यांनी लिहिलेल्या मारेकरी संघाच्या कथेत एक कामगिरी आहे. स्किनग्रॅडमधल्या एका वाड्यात पाच पाहुणे जमले आहेत. घरात खजिना लपवला आहे असे सांगून त्यांना बोलावलेले आहे आणि दार बाहेरून बंद आहे. सहावा पाहुणा म्हणजे खेळाडू, आणि त्याने बाकीच्यांना एकेक करून संपवायचे. प्रत्येकाशी बोलता येते, एकाचा संशय दुसऱ्यावर ढकलता येतो, उरलेल्यांची भीती वाढत गेलेली ऐकू येते. आवाज, दिनक्रम, स्वभाव, ज्या गोष्टींसाठी ‘ऑब्लिव्हियन’ने इतके काही सोडले, त्या सगळ्यांचा इथे नेमका उपयोग झाला आहे. चेडिनहालमधल्या चित्रकाराच्या चित्रातच शिरण्याची कामगिरीही याच तोलाची. ‘ऑब्लिव्हियन’ बंद खोलीत श्रेष्ठ आहे आणि उघड्या माळावर दुबळा, असे म्हणणे या तुलनेत सर्वांत न्याय्य ठरेल.

‘स्कायरिम’ ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला आणि मालिका ज्यांनी कधी ऐकलीही नव्हती अशा घरांत पोचला. २०२३ पर्यंत त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे टॉड हॉवर्ड यांनी सांगितले. ‘ऑब्लिव्हियन’नंतर दोनशे वर्षांनी ही कथा घडते. साम्राज्य मोडकळीला आले आहे, टॅलॉस या देवाच्या पूजेवर बंदी आहे, तिथल्या नॉर्ड लोकांत यादवी पेटली आहे आणि त्यात ड्रॅगन परतले आहेत. कौशल्यांची संख्या ‘मॉरोविंड’मध्ये २७ होती, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये २१ झाली, इथे १८ उरली, वर्ग आणि मूळ गुणांचे आकडे तर गेलेच. सुरुवातीला आपण कोण हे ठरवण्याची गरजच ठेवली नाही. हेल्गेन गावातल्या वधस्तंभावरून सुटायचे आणि चालू लागायचे, मग चालता चालता जे व्हाल ते व्हाल.

बाण इथेही आहे. उलट तो आणखी अपरिहार्य झाला आहे, कारण ‘स्कायरिम’मधल्या काही कामगिऱ्या गेम स्वतः तयार करतो: अमुक सराईचा मालक सांगतो, लुटारूंचा म्होरक्या मारून ये, आणि कुठल्या गुहेतला म्होरक्या हे त्या क्षणी यंत्र निवडते. आधी न ठरलेल्या गुहेची वाट आधी ध्वनिमुद्रित करून ठेवता येत नाही. ‘डॅगरफॉल’चे यंत्र पंधरा वर्षांनी असे परत आले, फक्त तेव्हा सगळे लिखित असल्याने गावाचे नाव वाक्यात भरता येत होते, आता ते शक्य नव्हते. वाट चुकलेल्यासाठी तर जमिनीवर प्रकाशाची रेघ काढून दाखवणारा मंत्रच इथे शिकता येतो.

तरीही ‘स्कायरिम’ने एक जुनी विद्या नव्या रूपात परत आणली, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. त्याची भूमीच वाट सांगते. हेल्गेनहून निघाल्यावर सोबतचा माणूस समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून तिथल्या जुन्या थडग्यांबद्दल बोलतो. बर्फात उभ्या दगडी कमानी खरोखर दिसतात, आणि अर्ध्या तासात खेळाडू तिथे चढत असतो. जगाचा कंठ म्हटला जाणारा सर्वोच्च डोंगर प्रांतातल्या कितीतरी ठिकाणांहून दिसतो आणि दिशा चुकू देत नाही. व्हाइटरन शहराबाहेरच्या माळावर राक्षसदेहाचे धनगर आपले मॅमथ राखत फिरतात. नवख्याने त्यांच्या वाटेला गेले तर एका सोट्यात तो आकाशात भिरकावला जातो. इथे धोका पुन्हा एका जागेला बांधला गेला, आणि त्या प्रमाणात जागेला अर्थ आला. मोठ्या शहरांच्या तबेल्यांबाहेर भाड्याची गाडीही उभी असते, ‘मॉरोविंड’च्या कीटकवाहनांची आठवण करून देणारी.

या मालिकेचा इतिहास कंपनीच्या कार्यालयापुरता लिहिला तर अर्धा राहील. ‘मॉरोविंड’च्या पीसी आवृत्तीबरोबर कंपनीने गेम रचण्याचे साधनच खेळाडूंच्या हाती दिले, आणि तेव्हापासून खेळाडू या जगात भर घालत आले आहेत. बेटापलीकडचा मॉरोविंड प्रांत उभारण्याचे ‘टॅमरिएल रिबिल्ट’ हे स्वयंसेवी काम वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ‘डॅगरफॉल’ चाहत्यांनी नव्या इंजिनावर पुन्हा बांधला, त्यातल्या जुन्या चुका काढून. आणि ‘स्कायरिम’साठी असे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेले बदल, निघाले की पात्रे आणि नोंदवही आता दिशा शब्दांत सांगतात, होकायंत्र लपवले तरी खेळ पुढे जातो. कंपनीला जे परवडले नाही ते हौशी माणसांनी एकेक कामगिरी घेऊन, एकेक पत्ता लिहून पुरे केले. तुलनेचा खरा निकाल शोधायचा तर समीक्षेपेक्षा या मॉडच्या याद्या वाचाव्यात. कुठल्या गेममध्ये लोकांना काय उणे वाटले याची त्यांच्याइतकी प्रामाणिक नोंद दुसरी नाही.

२०१४ मध्ये सुरू झालेला ऑनलाइन गेम या पुस्तकात घेतलेला नाही. हजारो जण एकाच वेळी जिथे वावरतात तिथे वाट चुकण्याचा अनुभवच निराळा असतो आणि त्याला वेगळी मोजपट्टी लागेल. सहाव्या गेमची घोषणा जून २०१८ मध्ये एका छोट्या चित्रफितीने झाली. डोंगर, किनारा आणि धुके याखेरीज त्यात काही नव्हते, त्यामुळे त्याच्याबद्दलचे अंदाजही इथे नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नव्या रूपात आला. त्याचा विचार मूळ गेमच्या प्रकरणातच केला आहे, कारण चेहरे आणि प्रकाश बदलले तरी बाण आणि कप्पे तेच आहेत.

ज्याने यांतले काहीच खेळलेले नाही त्याने कालक्रमाने जाऊ नये. ‘स्कायरिम’पासून सुरुवात करावी आणि काही तास झाले की नोंदवहीतल्या कामगिरीवरची खूण काढून टाकावी, म्हणजे बाण जातो, मग डोंगर पाहून चालावे. त्यानंतर ‘मॉरोविंड’. पहिले दोन दिवस तो कोरडा आणि चिडखोर वाटेल. हाताशी कागद-पेन्सिल ठेवावी आणि मिळेल तो पत्ता लिहून घ्यावा. मग ‘ऑब्लिव्हियन’, त्यातही मारेकरी संघ लवकर गाठावा. ‘अरीना’ आणि ‘डॅगरफॉल’ कंपनीने अनुक्रमे २००४ आणि २००९ मध्ये मोफत खुले केले आहेत, साध्या संगणकावरही चालतात. ‘डॅगरफॉल’ चाहत्यांच्या नव्या आवृत्तीत खेळावा, आणि एकदा तरी नकाशा न उघडता एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाऊन पाहावे. पुढची प्रकरणेही याच क्रमाने लावली आहेत. प्रत्येकाच्या सुरुवातीला त्या गेममधली एकच वाट निवडून ती पायरीपायरीने चालून दाखवली आहे.